‘ऑपरेशन होणार नाही’: एका नकाराचा इतिहास

2011 च्या जानेवारीत आम्ही बडे अब्बांना रत्नागिरीहून मुंबईला घेऊन गेलो. भाड्याची गाडी, मागच्या सीटवर ऑक्सिजनचा सिलिंडर, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. बडे अब्बा म्हणजे माझे मोठे चुलते. मोगल लाइनच्या जहाजांवर त्यांची उमर गेली. हाजींना घेऊन मुंबई-जेद्दा अशा किती फेऱ्या केल्या ते त्यांनाही आठवत नसे. आधी विडी, मग सिगारेट. सत्तरीत पोहोचले तेव्हा घरातून अंगणापर्यंत जायला दोनदा थांबावं लागे. नमाज खुर्चीवर बसून, कारण सजद्यात वाकलं की छाती दाबली जाऊन श्वासच मिळत नसे. रात्री झोपणं नाहीच, दोन उशांवर कोपरं टेकून बसून राहायचं.

आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं की मुंबईत फुफ्फुसाचा खराब भाग कापून टाकतात आणि माणूस पुन्हा चालू लागतो. तीन दिवस तपासण्या झाल्या. नळीत फुंकायला लावलं, सहा मिनिटं बोळातून चालवलं, सीटी स्कॅन केला. शेवटी सर्जनने फिल्म उजेडाला धरली, फाईल चाळली आणि म्हणाले, “यांचं ऑपरेशन होणार नाही. औषधं चालू ठेवा, घरी ऑक्सिजन लावा.” सगळं मिळून दहा मिनिटं.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. महाडला चहाला थांबलो तेव्हा माझा चुलतभाऊ, बडे अब्बांचा थोरला, म्हणाला, “पैसेवाला असता तर झालं असतं. आणि नाव दुसरं असतं तरी झालं असतं.” मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. आपल्या समाजात असा संशय हवेतून येत नाही. घर भाड्याने मागताना, कचेरीत फाईल पुढे सरकताना आलेले अनुभव प्रत्येकाच्या गाठीला असतात. त्यामुळे कुठलाही नकार आला की आपण तो त्याच वहीत लिहून टाकतो.

चार वर्षांनी बडे अब्बांचा इंतकाल झाला. ती फाईल मात्र माझ्या कपाटात राहिली. ती पुन्हा उघडली माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. आमच्या शाळेतून उर्दू माध्यमात दहावी झालेली ही मुलगी आज छातीच्या विकारांच्या विभागात निवासी डॉक्टर आहे. ईदला घरी आली होती, मी सहज फाईल दाखवली. तिने एक पान वाचलं, दुसरं वाचलं, स्कॅनचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, “सर, हा नकार कसा ठरला ते तुम्ही वाचायला हवं.” नंतर तिने मला वाचायला बरंच काही पाठवलं. मी शिक्षक, डॉक्टर नव्हे. इतिहास म्हणून वाचलं आणि इतिहास म्हणूनच इथे सांगतो.

आधी शब्दाबद्दल थोडं, कारण तो माझा धंदा आहे. आपण कोकणात धाप लागणाऱ्या प्रत्येक आजाराला दमा म्हणतो. शब्द फारसीतून आला. ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीने तो इतका आपलासा केला की दम लागतो, दम धरतो, दम खातो, वेळ आली तर दम देतोही. पण दमा आणि बडे अब्बांचा आजार वेगळे. दम्यात श्वासनळ्या आवळतात आणि औषधाने बऱ्याच सुटतात. एम्फिसीमात फुफ्फुसातले हवेचे बारीक कोश, त्यांच्या भिंतीच नष्ट होतात. पायजम्याचं इलॅस्टिक सैल पडावं तसं फुफ्फुस सैल पडतं. हवा आत जाते, पण बाहेर ढकलायला ताण उरत नाही. जुनी हवा आत अडकून फुफ्फुस फुगत जातं, छातीचा पिंजरा पिंपासारखा होतो आणि छाती-पोटामधला पडदा, जो घुमटासारखा असायला हवा, तो खाली दाबला जाऊन ताटासारखा सपाट होतो. सपाट पडद्याने श्वास ओढता येत नाही. रुग्णाला हवा कमी पडते असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या छातीत हवा जास्त झालेली असते.

आपल्याकडे वैद्यकाच्या इतिहासावर लिहायचं म्हटलं की इब्न सीना आणि इब्न अल-नफीसपासून सुरुवात करायची रीत आहे. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसातून डाव्या बाजूला जातं हे तेराव्या शतकात लिहिणारा इब्न अल-नफीस मोठाच माणूस. पण ही गोष्ट त्याची नाही. ही सुरू होते 1819 मध्ये पॅरिसला, रेने लाएनेकच्या ग्रंथापासून. ज्याने कागदाची गुंडाळी छातीला लावून स्टेथोस्कोप शोधला तोच हा. मेलेल्या रुग्णांच्या छाती उघडताना त्याला दिसलं की काही फुफ्फुसं हवा लागताच आक्रसत नाहीत, उलट फुगलेलीच राहतात. ती वाळवून, चिरून त्याने फाटलेले कोश दाखवले आणि आजाराला नाव दिलं. स्वतः तो 1826 मध्ये क्षयाने गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. मग 1846 मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सनने श्वास मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, पुढे आणलं आणि दोन हजारांवर माणसांना त्यात फुंकायला लावलं. बडे अब्बांनी मुंबईत ज्या नळीत फुंकलं ती याच यंत्राची पणती.

रोग कळला. उपाय काय? पुढची शंभर वर्षं सर्जन लोकांनी जे केलं ते वाचताना अंगावर काटा येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरने ठरवलं की छातीचा पिंजरा ताठ झाल्यामुळे फुफ्फुस अडकतं, म्हणून बरगड्यांच्या कूर्चा कापून तो सैल करा. पुढे काहींनी बरोबर उलट ठरवलं, की पिंजरा फार मोठा झालाय, तो लहान करा. कोणी पोटाला पट्टा बांधला, कोणी पोटात हवा भरली, कोणी फुफ्फुसाकडे जाणाऱ्या शिरा तोडल्या. जपानमध्ये नाकायामाने गळ्यातली तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ काढायला सुरुवात केली आणि ते ऑपरेशन हजारो रुग्णांवर झालं. प्रत्येकाकडे बरं वाटलेले रुग्ण होते. बरं वाटलेले रुग्ण कोणाकडे नसतात? गावातल्या मांत्रिकाकडेही असतात.

पहिली खरी शहाणी कल्पना अमेरिकेत बाल्टिमोरच्या ओटो ब्रँटिगन या सर्जनची. 1957 च्या सुमारास त्याने मांडलं की फुगलेल्या फुफ्फुसातला निकामी भाग कापून काढला तर उरलेल्या भागाला जागा मिळेल, त्याचा ताण परत येईल, बारीक श्वासनळ्या त्या ताणाने उघड्या राहतील. कापून काढल्याने श्वास वाढेल, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण गच्च भरलेल्या एसटीतून तुटकी बाकं काढून टाकली तर माणसांना उभं राहायला जागा होते, तसंच काहीसं. त्याने तेहतीस जणांवर ऑपरेशन केलं. तीनचतुर्थांश रुग्णांना बरं वाटलं असं तो म्हणाला. पण दर सहा रुग्णांमागे जवळजवळ एक दगावला होता, आणि बरं वाटलं म्हणजे किती वाटलं याचं मोजमाप त्याच्याकडे नव्हतं. लोकांनी ते ऑपरेशन सोडून दिलं. मला ब्रँटिगनचं वाईट वाटतं. कल्पना बरोबर होती, पण ती कोणाला लागू पडते हे शोधायचं साधन त्या काळी त्याच्या हातात नव्हतं. सीटी स्कॅन यायला अजून पंधराएक वर्षं होती.

पस्तीस-छत्तीस वर्षं ती कल्पना पडून राहिली. ती उचलली जोएल कूपरने. हा साधा सर्जन नव्हता. 1983 मध्ये टोरांटोला जगातलं पहिलं यशस्वी फुफ्फुस प्रत्यारोपण यानेच केलं होतं. एम्फिसीमाच्या रुग्णाला नवं फुफ्फुस बसवल्यावर त्याची पिंपासारखी छाती आणि सपाट झालेला पडदा पूर्वीसारखे होतात हे त्याला दिसलं होतं. मग फुफ्फुस न बदलता फक्त आकार कमी केला तर? 1993 मध्ये सेंट लुईसला त्याने सुरुवात केली. छाती मधून उघडायची, दोन्ही बाजूंचा वीस-तीस टक्के भाग काढायचा, आणि टाक्यांमधून हवा गळू नये म्हणून त्यावर गुरांच्या हृदयावरच्या पातळ आवरणाच्या पट्ट्या लावायच्या. 1995 मध्ये त्याने पहिल्या वीस रुग्णांचा हिशेब छापला. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा, जिला डॉक्टर एफईव्ही-वन म्हणतात, ती सरासरी 82 टक्क्यांनी वाढली होती. ऑपरेशनमुळे एकही मृत्यू नव्हता.

बातमी वणव्यासारखी पसरली. अमेरिकेत गावोगावचे सर्जन ऑपरेशनं करू लागले. पण कूपरच्या लेखातली एक गोष्ट घाईत कोणी नीट वाचली नाही. तो रुग्ण निवडून घेत होता. ज्याच्या फुफ्फुसात खराब भाग एका ठिकाणी गोळा झालेला आहे आणि बाकी भाग बरा आहे, असाच रुग्ण तो घेई. ऑपरेशनआधी कित्येक आठवडे व्यायाम सक्तीचा होता. दारात आलेल्यांपैकी बहुतेकांना तो परत पाठवत होता. बाकीच्यांनी त्याचं ऑपरेशन शिकून घेतलं, त्याचा नकार शिकला नाही. अमेरिकन सरकारच्या वृद्धांसाठीच्या विमा योजनेने, मेडिकेअरने, जेव्हा आपल्या रुग्णांचा हिशेब काढला तेव्हा वर्षभरात त्यातले साधारण चौथाई लोक गेलेले दिसले. 1996 सुरू होता होता मेडिकेअरने पैसे देणं बंद केलं.

मग मोठा वाद झाला. रुग्ण म्हणत, आमचा श्वास अडकलाय आणि तुम्ही पैशाची थैली बंद करता? काही सर्जन म्हणत, डोळ्यांनी फायदा दिसतोय, आता आणखी कसली परीक्षा? सरकार म्हणालं, परीक्षा होईल. सतरा रुग्णालयं निवडली. आणि ऑपरेशन कोणाचं आणि फक्त औषधं कोणाला हे सोडत काढून ठरवायचं. चिठ्ठी टाकून माणसाच्या छातीचा निर्णय! वाचताना मीही चरकलो. पण विचार केला की डॉक्टरने आपल्या मनाने निवडलं तर तो तगडे रुग्ण ऑपरेशनला घेईल, आणि मग ऑपरेशनने वाचले की मुळात तगडे होते म्हणून, हे कधीच कळणार नाही. 1998 ते 2002 अशी ही परीक्षा चालली. 3,777 जण तपासले, त्यातून 1,218 निवडले. सगळ्यांना सिगारेट सोडावी लागली, आधी व्यायाम पूर्ण करावा लागला. 608 जणांच्या वाट्याला ऑपरेशन आलं, 610 जणांच्या वाट्याला औषधं.

2001 च्या मे महिन्यात, परीक्षा निम्म्यावर असताना, देखरेखीसाठी नेमलेल्या मंडळाने मधूनच आकडे पाहिले आणि एक गट तिथल्या तिथे बंद करायला लावला. या गटातल्या रुग्णांची एफईव्ही-वन अपेक्षेच्या 20 टक्के किंवा त्याहून कमी होती. त्याच्या जोडीला दोनपैकी एक गोष्ट असायची. एकतर आजार फुफ्फुसभर सारखा पसरलेला, नाहीतर फुफ्फुसातून रक्तात वायू झिरपण्याची क्षमता 20 टक्के किंवा त्याहून कमी. अशा 69 जणांचं ऑपरेशन झालं होतं. तीस दिवसांत त्यातले 16 टक्के गेले, म्हणजे अकरा माणसं. अशाच आजाराचे 70 जण औषधांवर होते. त्या तीस दिवसांत त्यातलं एकही गेलं नाही.

इथे मी बडे अब्बांची फाईल पुन्हा काढली. एफईव्ही-वन 18 टक्के. वायू झिरपण्याची क्षमता 16 टक्के. स्कॅनच्या रिपोर्टात लिहिलेलं, दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, सारखा पसरलेला आजार. दोनपैकी एक गोष्ट असली तरी पुरे होती, त्यांच्याकडे दोन्ही होत्या. ज्यांनी दहा मिनिटांत नाही म्हटलं त्यांनी ना पैसा पाहिला ना नाव. त्यांनी तीन ओळी पाहिल्या. आणि त्या तीन ओळींचा अर्थ कळावा म्हणून दहा वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे अकरा माणसं एका महिन्यात गेली होती.

परीक्षेचा पूर्ण निकाल 2003 च्या मे महिन्यात आला. वरवर पाहिलं तर काहीच हाती लागलं नव्हतं. सगळे मिळून मोजले तर ऑपरेशनवाले आणि औषधवाले सारख्याच प्रमाणात मेले. पण जे गट पाडले त्यात खरी गोष्ट होती. दोन प्रश्न विचारायचे. आजार मुख्यतः फुफ्फुसाच्या वरच्या भागात आहे का? आणि व्यायाम करूनही रुग्णाची ताकद कमीच राहिली का? ताकद सायकलच्या पेडलवर मोजायची, बायकांसाठी 25 वॅट आणि पुरुषांसाठी 40 वॅट ही रेघ. ज्यांचा आजार वर होता आणि ताकद कमी होती, अशा 290 जणांत ऑपरेशनमुळे मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. उलट ज्यांचा आजार वर नव्हता आणि ताकद बरी होती, अशा 220 जणांत ऑपरेशनने तो धोका दुप्पट केला. मधल्या दोन गटांत आयुष्य वाढलं नाही, पण वरच्या भागात आजार असलेल्या काहींना चालण्या-फिरण्यात फायदा झाला.

यातली ताकदीची गोष्ट मला अजून चकित करते. आपला समज असा की तगडा माणूस ऑपरेशन झेलतो, कमजोर झेलत नाही. इथे ज्याला पेडल मारवत नव्हतं त्याचं आयुष्य वाढलं आणि ज्याला मारता येत होतं त्याला, आजार वर नसेल तर, ऑपरेशनने धोक्यात टाकलं. अंदाजाने हे कोणाला सुचलं नसतं.

त्याच वर्षी मेडिकेअरने निवडक रुग्णांसाठी पुन्हा पैसे द्यायला सुरुवात केली. आता रांगा लागतील असं वाटलं होतं. लागल्या नाहीत. अपेक्षेपेक्षा फारच कमी ऑपरेशनं झाली. ‘त्या ऑपरेशनने माणसं मरतात’ ही बातमी जशी पसरली तशी ‘कोणती माणसं मरतात आणि कोणती जगतात’ ही पसरली नाही. त्यामुळे आधी नको त्यांचं झालं आणि नंतर ज्यांचं व्हायला हवं होतं ते डॉक्टरच्या दारापर्यंत पोहोचलेच नाहीत. आता छाती न उघडता, दुर्बिणीतून श्वासनळीत एकतर्फी झडप बसवतात. अमेरिकेत तिला 2018 मध्ये मान्यता मिळाली. तिथेही आधी प्रश्न तोच, कोणाला? फुफ्फुसाच्या दोन खणांमधली भिंत पूर्ण नसेल तर शेजारच्या खणातून हवा शिरत राहते आणि झडप असून नसल्यासारखी. म्हणून आधी फुगा लावून गळती तपासतात.

आपल्याकडचा पेच आणखी वेगळा आहे. भारतात 2016 मध्ये सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता. एम्फिसीमा त्याच कुटुंबातला. यातल्या कितीतरी बायकांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याच विषयावर लिहिलं, की सिगारेट न ओढणाऱ्यांचा हा आजार जगाने दुर्लक्षित ठेवलाय आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. पावसात ओली लाकडं पेटवणारी कोकणातली बाई आठवा, म्हणजे पुरावा शोधायला लांब जावं लागणार नाही. पण अभ्यासांत असंही दिसलंय की चुलीच्या धुराने श्वासनळ्या जास्त बिघडतात, कोश कमी फाटतात. म्हणजे कापून काढावा असा फुगलेला खराब भाग तिथे बहुधा नसतोच. त्यात आपल्याकडे जुना क्षय. क्षय बरा झाला तरी फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि सर्जनची सुरी तिथे अडते. अमेरिकेतली ती मोठी परीक्षा सिगारेट सोडलेल्या लोकांवर झाली. ज्यांच्या आजारात सिगारेट नव्हती त्यांना तिचे नियम जसेच्या तसे लावणं हा निराळा अंदाज होईल.

हे सगळं वाचून झाल्यावर मी चुलतभावाकडे गेलो. तो मिरकरवाड्याला बोटीच्या कामावर असतो. त्याला तो 69 आणि 70 चा तक्ता मराठीत लिहून दाखवला. त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, “म्हणजे तेव्हा मी जिद्द करून दुसरीकडे कुठे ऑपरेशन करून घेतलं असतं तर...” आणि थांबला. तो खरंच दुसरं रुग्णालय शोधत होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. थोड्या वेळाने म्हणाला, “पण भाई, हे एवढंच त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दहा मिनिटांची पंधरा झाली असती.” यावर मी वाद घातला नाही. इतकी वर्षं त्याने जी गोष्ट मनात धरली होती तिचं निम्मं कारण ती न सांगितलेली पाच मिनिटं होती.

बडी अम्मी अजून आहेत, चौऱ्याहत्तरच्या. त्यांनाही आता जिना चढताना धाप लागते. घरी गॅस येऊन बरीच वर्षं झाली, पण त्याआधीची पन्नास वर्षं चुलीपुढे गेली. विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून त्यांना पुढच्या आठवड्यात तपासणीला न्यायचं ठरवलंय. त्यांनी विचारलं, तिथे काय करायचं असतं? मी म्हटलं, नळीत जोराने फुंकायचं. त्या हसल्या. म्हणाल्या, “फुंकणीनं आयुष्यभर चूलच फुंकली रे बाबा, ते मला शिकवू नका.”